ग्रीस पुन्हा भरा : माउंटन बाइकचा इतिहास आणि आपली पहिली सायकल

आजचा विषय जाहीर झाल्यापासून बऱ्याच जणांचे निरोप आले, आणि त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता : "पहिली माउंटन बाइक घ्यायची आहे, कोणती घेऊ?" आता आम्ही पडलो इतिहासावर बोलणारी माणसं, दुकानदार नाही. पण या प्रश्नाचं उत्तर जाहिरातींपेक्षा इतिहासात जास्त नीट सापडतं असं आमचं मत आहे. ते का, हेच आज सांगायचं आहे.

सुरुवात एका उताराच्या नावापासून करू. अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन काउंटी हा डोंगराळ भाग लागतो. माउंट टॅमलपाइस हा तिथला मोठा डोंगर. त्याच भागात फेअरफॅक्स नावाचं छोटं गाव आहे आणि गावाजवळच्या डोंगरावरून एक मातीचा रस्ता खाली येतो. वणवा विझवणाऱ्यांच्या गाड्या वर जाव्यात म्हणून असे रस्ते तिथे काढलेले असतात. नकाशावर त्याचं नाव कॅस्केड कॅन्यन फायर रोड. सायकलवाले मात्र त्याला 'रिपॅक' म्हणतात. रिपॅक म्हणजे पुन्हा भरणे. काय भरायचं? मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस. हा उतार एकदा उतरलं की हबमधलं ग्रीस जळून जायचं, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून ते पुन्हा भरावं लागायचं. डोंगरवाटांना देवांची नावं असतात, झाडांची असतात, माणसांची असतात. या वाटेला दुरुस्तीच्या एका कामाचं नाव मिळालं आहे. माउंटन बाइकचा सगळा इतिहास आम्हाला या नावात दिसतो.

आता ग्रीस जळायचं का, ते बघू. त्यासाठी मागे, १९३३ सालात जावं लागेल. अमेरिकेत महामंदी होती. शिकागोच्या श्विन कंपनीने त्या वर्षी जाड फुगीर टायरची सायकल बाजारात आणली. टायरची रुंदी सव्वादोन इंचाच्या आसपास, नेमकी सांगायची तर २.१२५ इंच. चाक २६ इंची. सायकल दणकट आणि वजनदार, कारण ती होती मुख्यतः पोरांसाठी. पोरं आपटणार, धडकणार, हे गृहीतच होतं. गिअर एकच, आणि ब्रेक पायडल उलटं मारलं की लागणारा. त्याला कोस्टर ब्रेक म्हणतात. याची सगळी यंत्रणा मागच्या हबच्या पोटात असते. पायडल मागे दाबलं की आतले भाग सरकतात, हबच्या भिंतीवर घासतात आणि चाक थांबतं. त्यात ग्रीस भरलेलं असतं. सपाट रस्त्यावर शाळेत जाणाऱ्या मुलाला हा ब्रेक आयुष्यभर पुरतो.

१९७०च्या आसपास मरिनमधल्या काही तरुणांनी ह्या जुन्या सायकली हुडकायला सुरुवात केली. लार्कस्पर गावच्या मुलांचं एक टोळकं त्यांच्याही आधी हे उद्योग करत होतं. या सायकली भंगारात, कुणाच्या परसात कवडीमोलाने मिळत. त्यातही युद्धाआधीची श्विन एक्सेल्सियर फार आवडती, कारण तिची फ्रेम डोंगरात जास्त चांगली चालायची. मडगार्ड, खोटी टाकी, चेनगार्ड सगळं काढून टाकायचं आणि सायकल डोंगरावर न्यायची. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणायचे. आपण खटारा म्हणू.

आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी या खटाऱ्यांची पहिली शर्यत रिपॅकवर झाली. भरवणारे होते फ्रेड वुल्फ आणि चार्ली केली. सगळ्यात वेगाने कोण उतरतो हा वाद मित्रामित्रांत चालायचा, तो एकदाचा मिटवावा एवढाच हेतू. सगळ्यांना एकदम न सोडता ठरावीक अंतराने एकेकाला सोडायचं आणि वेळ मोजायची. त्या दिवशी ॲलन बॉण्ड्स जिंकला. गंमत म्हणजे न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता.

जरा हिशेब करू, म्हणजे ग्रीसचं काय होत होतं ते कळेल. उताराची लांबी सुमारे ३.४ किलोमीटर, उंचीतला फरक सुमारे ४०० मीटर. म्हणजे दर १०० मीटरला सुमारे १२ मीटर खाली. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा. एवढं वजन ४०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती साडेचार-पाच मिनिटांत कुठेतरी जायला हवी. तो हिशेब साधारण सव्वा किलोवॅटवर येतो. बादलीतलं पाणी तापवायचा आपला रॉड साधारण तेवढाच असतो. यातला काही भाग हवा घेते, काही टायर आणि खडबडीत रस्ता घेतो. उरलेला सगळा एका मुठीएवढ्या हबमध्ये. ग्रीसचा धूर होणार नाही तर काय होणार!

हे इतक्या तपशिलाने सांगायचं कारण असं की तो ब्रेक वाईट नव्हता. तो ज्या कामासाठी केला होता ते काम वेगळं होतं. सायकल घेताना आपण बहुतेक वेळा विचारतो, "ही चांगली आहे का?" रिपॅकवरच्या मुलांना दुसरा प्रश्न शिकावा लागला : "ही कुठे चांगली आहे, आणि कुठे मोडेल?"

मोडेल त्याचं उत्तर शोधायला ते इकडेतिकडे बघू लागले. खरं तर एक उत्तर त्यांना रिपॅकच्या आधीच दिसलं होतं. १ डिसेंबर १९७४ रोजी मरिनमध्ये एक सायक्लोक्रॉस शर्यत होती, म्हणजे चिखलातून, रानातून सायकल पळवायची आणि जिथे चालत नाही तिथे खांद्यावर घ्यायची. तिथे दक्षिणेकडच्या कूपर्टिनोहून 'मॉरो डर्ट क्लब' नावाचं टोळकं आलं. त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना डिरेलरचे गिअर होते, अंगठ्याने गिअर बदलायची कळ होती, ड्रम ब्रेक होते. मरिनच्या मुलांनी ते बघून घेतलं. गॅरी फिशरनेही नंतर आपल्या खटाऱ्याला गिअर लावले. टँडम, म्हणजे दोघांच्या सायकलीचे ड्रम ब्रेक आले, मोटारसायकलच्या ब्रेकच्या मुठी आल्या. गिअर आल्यामुळे एक मोठा बदल झाला. तोवर सायकल वर ढकलत किंवा कुणाच्या ट्रकमधून न्यावी लागायची. आता ती चालवत वर नेता येऊ लागली.

पण वजन? एकेक खटारा वीस किलोच्या पुढे. आणि जुन्या फ्रेम अशा वापराने वाकायच्या, तुटायच्या. तेव्हा जो ब्रीझ या फ्रेम बांधणाऱ्या तरुणाने, जो स्वतः रिपॅकवर उतरायचा, १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. क्रोमॉली पोलादाच्या नळ्या, आधाराला दोन जादा तिरप्या नळ्या, आणि सगळे सुटे भाग नवे. १९७८ पर्यंत अशा दहा सायकली झाल्या. त्यातली पहिली आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. हा ब्रीझ रिपॅकवर ४ मिनिटं २४ सेकंदांत उतरलेला माणूस. फिशर ४ मिनिटं २२ सेकंदांत, म्हणजे सरासरी ताशी ४६-४७ किलोमीटरने, आणि पुढच्या चिमट्यात एकही स्प्रिंग नसताना. हे आकडे आज आपल्याला सांगता येतात याचं कारण केली शर्यतींचे निकाल वहीत लिहून ठेवायचा. ही वही लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

दुसरीकडे, कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट या खाणकामाच्या जुन्या गावातही १९७६ साली असाच प्रकार झाला. तिथली मंडळी जुन्या सायकली घेऊन पर्ल पास ही सुमारे ३,८७० मीटर उंचीची खिंड ओलांडून ॲस्पेनला गेली. मरिनची माणसं तिथे १९७८ साली पोचली. त्यात वेंडी क्रॅग होती. रिपॅकवर उतरणाऱ्या मोजक्या बायकांपैकी ती एक, आणि त्या काळाची जी छायाचित्रं आज आपण बघतो त्यातली पुष्कळशी तिने काढलेली आहेत.

इथपर्यंतच्या गोष्टीत एक गोष्ट समान आहे. सायकल चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच होता. काय तुटलं, का तुटलं, हे त्याच्या हाताला माहीत होतं.

टॉम रिची फ्रेम बांधायचा आणि १९७९ साली फिशर व केली यांनी त्या सायकली विकायला 'माउंटनबाइक्स' नावाची कंपनी काढली. किंमत १,३०० डॉलरच्या घरात. कंपनीचं नाव मात्र तिच्यापाशी राहिलं नाही, ते सगळ्या जातीचंच नाव झालं. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टम्पजम्पर' आणली, ७५० डॉलरला. १९८२ साली शिमानोने डोंगरासाठी म्हणून 'डिओर एक्सटी' हा सुट्या भागांचा संच काढला. आता डोंगरातली सायकल दुकानात तयार मिळू लागली. १९९० साली कोलोरॅडोत ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उताराच्या शर्यतीत पुरुषांमध्ये ग्रेग हर्बोल्ड जिंकला. त्याच्या सायकलीला रॉकशॉक्सचा नवा, दाबला जाणारा चिमटा होता. १९९६ साली अटलांटाला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. नेदरलँड्सचा बार्ट ब्रेन्टयेन्स आणि इटलीची पाओला पेझो हे पहिले विजेते.

पंचवीस वर्षांत भंगारातून ऑलिम्पिकपर्यंत. झालं ते चांगलंच झालं. पण या वाटेवर एक गोष्ट निसटली. सायकल दुकानात मिळाली, तिच्याबरोबरचं ज्ञान मिळालं नाही. प्रत्येक भाग कुठल्या तरी मोडतोडीचं उत्तर होता. घेणाऱ्याला उत्तरं मिळाली, प्रश्न माहीत नव्हते. मग उत्तरांच्या नकला निघाल्या. दिसायला चिमटा तसाच, आत नुसती स्प्रिंग. आज नवखा माणूस दुकानात गोंधळतो तो इथे.

तेव्हा आता दुकानात जाऊ, पण प्रश्न बरोबर घेऊन.

पहिला प्रश्न : माझी वाट कोणती? मनातली नव्हे, दर रविवारची. आठवड्याभरात डांबरी रस्ता किती, कच्चा रस्ता किती, आणि खरी दगडधोंड्यांची उतरण किती, ते कागदावर लिहा. बहुतेक नवख्यांना पुढे झोळ घेणारा चिमटा आणि मागे ताठ फ्रेम असलेली सायकल, जिला हार्डटेल म्हणतात, ती पुरते. मागचं सस्पेन्शन म्हणजे जादा सांधे, प्रत्येक सांध्यात बेअरिंग, आणि प्रत्येक बेअरिंगची देखभाल. चांगलं असेल तर ते सुख देतं. स्वस्तातलं असेल तर नुसतं वजन आणि वर्षभरात खडखडाट.

दुसरा प्रश्न : माप. याला पर्याय नाही. नेहमीचे सपाट बूट घालून सायकलीवर दोन्ही पाय टेकून उभं राहा. वरची नळी आणि आपण यांच्यात निदान चार-पाच सेंटीमीटर जागा हवी, डोंगरात अचानक उतरावं लागतं म्हणून. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला की सीटची उंची साधारण बरोबर. मग हॅन्डल धरून बघा. खांदे ताणले जाताहेत किंवा गुडघे हॅन्डलला लागताहेत, तर ती सायकल आपली नाही, कितीही सूट असली तरी. उधारीच्या चपला घालून गड चढायला कुणी जात नाही.

तिसरा प्रश्न : थांबणार कशी? रिपॅकचा धडा हाच आहे. आज डिस्क ब्रेक सर्रास मिळतात. उष्णता हबच्या पोटात कोंडली जात नाही, उघड्या चकतीवरून हवेत जाते. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक स्वस्त आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारे. तेलाच्या दाबावर चालणारे जास्त ताकदीचे, एका बोटाने लागणारे, पण हवा शिरली की जाणकार हात लागतो. आपल्या गावात असा हात आहे का, ते सायकल घेण्याआधी विचारा. आणि कोणती मूठ पुढच्या चाकाची, कोणती मागच्या, ते दुकानाच्या दारातच बघून घ्या. देशोदेशी हे उलटसुलट असतं.

चौथा प्रश्न : चिमट्यात काय आहे? एक सोपी परीक्षा सांगतो. पुढचा ब्रेक दाबून धरा, हॅन्डलवर सगळं वजन टाका आणि एकदम सोडा. चिमटा सावकाश, आवरून वर आला तर आत परत येण्याचा वेग रोखणारी काही यंत्रणा आहे. गादीतल्या स्प्रिंगसारखा टणकन उडाला तर नाही. असा चिमटा खडकाळ उतारावर चाक जमिनीवर ठेवण्याऐवजी उडवतो. त्यापेक्षा साधा ताठ चिमटा आणि रुंद टायर बरे. रिपॅक त्यावरच जिंकला गेला.

पाचवा : गिअर. आकड्याला भुलू नका. २१ गिअर म्हणजे २१ वेग नव्हेत, त्यातले कित्येक एकमेकांसारखेच असतात. पुढे एक चक्र आणि मागे मोठी कॅसेट असेल तर बिघडण्यासारख्या गोष्टी कमी. स्वस्त सायकलींत मागे स्क्रूवर बसणारा फ्रीव्हील असतो. त्यात उजव्या बाजूचा ॲक्सल आधाराशिवाय लांब राहतो आणि दणक्यांनी वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये तो आधार बाहेरच्या टोकाला असतो. दुकानदाराला एवढंच विचारा : "मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील?" या एका प्रश्नावर तो तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलायला लागेल.

सहावा : चाक. श्विनच्या पोरांच्या सायकलीचं २६ इंची चाक पुढे जवळजवळ तीस वर्षं माउंटन बाइकला चिकटून राहिलं, केवळ सुरुवात त्यावर झाली म्हणून. आज २७.५ आणि २९ चालतात. २९ म्हणजे रिमच्या मापात रस्त्यावरच्या ७००सी सायकलीचंच चाक. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, छोटं चटकन वळतं. नवख्याला यापेक्षा महत्त्वाचं हे की त्या मापाची ट्यूब आणि टायर आपल्या जवळपास मिळतात का.

मगाशी मध्यंतरात एकांनी विचारलं, "नवी घ्यावी की जुनी?" अहो, या खेळाचा जन्मच जुन्या सायकलीवर झाला! जुनी जरूर घ्या, पण बघून. वेल्डिंगच्या जवळ रंगाला चीर आहे का. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे आहेत का. चाक फिरवून आउट आहे का. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली तर हॅन्डलखालच्या सांध्यात खटखट होते का. फ्रेमला तडा असेल तर किंमत विचारूसुद्धा नका. बाकी बहुतेक सगळं बदलता येतं, फक्त तो खर्च किमतीत धरा. आणि ठरवलेल्या पैशातून हेल्मेट, पंप, जादा ट्यूब, पॅच आणि ॲलन की यांचे पैसे आधी बाजूला काढा.

आता आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. सांगताना बरं वाटत नाही, पण सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे पुण्याजवळच्या एका टेकडीवर जायचो. आदल्या संध्याकाळी एकाची चेन कुरकुरत होती. आम्ही मोठ्या उत्साहाने घरातला तेलाचा स्प्रे आणला आणि भरपूर मारला. चेनवर बसला तेवढा बसला, बाकीचा मागच्या डिस्कवर. आम्हाला दिसलं नाही, किंवा दिसलं तरी कळलं नाही. सकाळी उतारावर मागचा ब्रेक किंचाळला आणि पकडेना. मित्राने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि हॅन्डलवरून पुढे पडला. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. सायकल उत्तम होती, दुकानदाराची काही चूक नव्हती. रिपॅकवर ग्रीस असायला हवं तिथून जळून जायचं, आम्ही ते नको तिथे नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून देखभाल हा विषय आमच्यासाठी टापटिपीचा राहिला नाही.

तर देखभाल. तीन वेळा करायची : निघण्याआधी, आल्यावर, आणि महिन्याला.

निघण्याआधी दोन मिनिटं. टायरची हवा. कच्च्या रस्त्याला डांबरी रस्त्याइतकी हवा नको, टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत राहून थोडी कमी, म्हणजे पकड मिळते. फार कमी केली तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते आणि दोन भोकं पडतात. मग दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा. चाकांचे ॲक्सल घट्ट आहेत का ते बघा. शेवटी पुढचं चाक वीतभर उचलून सोडा आणि ऐका. घट्ट सायकल एकच ठोका देते. खडखड आली तर निघू नका, आवाज शोधा.

आल्यावर माती वाळण्याआधी बादलीभर पाण्याने आणि ब्रशने धुवा. आपल्या सह्याद्रीतली पावसाळी लाल माती चेनमध्ये बसली की कानशीसारखं काम करते. पण गाड्या धुवायच्या जोरदार फवाऱ्याने हब आणि क्रँककडे मारू नका, पाणी सीलमधून आत जातं आणि ग्रीस धुऊन नेतं. मग चेन फडक्याने कोरडी करा आणि प्रत्येक रोलरवर चेनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. स्प्रे नको, हे वेगळं सांगायला नको. पायडल उलटं फिरवा, आणि मग बाहेरचं तेल पुसून काढा. तेल आत हवं, बाहेरच्या तेलाला फक्त धूळ चिकटते. डिस्कला बोटसुद्धा लावू नका.

महिन्याला चेन मोजा. चेनमध्ये एका पिनेपासून बारा पूर्ण कड्या नव्या असताना बरोबर १२ इंच भरतात. इंचाची पोलादी पट्टी लावा. एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदला. एक अष्टमांश इंच होईपर्यंत थांबलात तर कॅसेटचे दातही खाल्ले गेलेले असतात, आणि खर्च कितीतरी पट. ब्रेक पॅडवरचा थर मिलिमीटरभर उरला की पॅड बदला. तेलाचे ब्रेक असतील तर चाक काढलेलं असताना मूठ दाबू नका. चाक फिरवून आउट बघा, स्पोक एकेक चिमटीत धरून सैल आहे का ते बघा. आणि चिमट्याला विसरू नका. काही कंपन्या दर ५० तासांच्या वापरानंतर त्याच्या खालच्या नळ्या उघडून तेल बदलायला सांगतात. आपल्या चिमट्याचा आकडा पुस्तिकेत बघून ठेवा.

या सगळ्यातलं काय स्वतः करायचं? पंक्चर, चेन, पॅड, हवा, एवढं प्रत्येकाने. चाकाचा आउट काढणं, ब्रेकमधली हवा काढणं, चिमटा उघडणं, हे सुरुवातीला मेकॅनिककडून करून घ्या, पण शेजारी उभं राहून. आपल्या गल्लीतला सायकल मेकॅनिक छर्रे बदलून, कोन कसून, हबमध्ये ग्रीस भरतो ना, ते काम आणि रिपॅकच्या माथ्यावरचं काम यात मुळात फरक नाही.

आणखी एक दुरुस्ती राहिली, वाटेची. मरिनमध्ये सायकली वाढल्या तसे पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्याशी खटके उडू लागले. परिणाम काय, तर ज्या डोंगरावर हा खेळ वाढला त्या टॅमलपाइसच्या अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. फायर रोडवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सायकल मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन काढली. तिच्या कामात वाटा राखणं, पाणी वाहून जाईल अशी वाट बांधणं याला मोठी जागा आहे. आपल्या टेकड्यांवरही गुराखी असतात, पहाटे फिरायला येणारी म्हातारी माणसं असतात. त्यांना आधी वाट द्या. ओल्या मातीत चाकाने चर पडतो, पुढच्या पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं आणि वाट वाहून जाते. माती टायरला चिकटून येत असेल त्या दिवशी वाटेवर जाऊच नका.

शेवटी ती वही. केलीने वेळा लिहून ठेवल्या म्हणून आज आपल्यापाशी इतिहास आहे. तुम्हीही एक वही करा. कोणत्या तारखेला चेन बदलली, पॅड कधी, हवा किती, कुठे पडलो. वर्षभराने ती वाचलीत तर दुसरी सायकल कोणती घ्यायची हे आम्हाला विचारावं लागणार नाही. तुमची वाट काय मोडते ते तुम्हाला माहीत झालेलं असेल.

रिपॅकच्या माथ्यावर हात काळे करून बसलेल्या त्या पोरांना आपण काही नवं शोधतो आहोत याची कल्पना नव्हती. त्यांना फक्त पुढच्या फेरीला ब्रेक लागायला हवा होता. आपल्यालाही घरी धडपणे परत यायचं असतं. आमच्या मित्राला विचारा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कुणी सायकल घेऊन आलं असेल तर बाहेर चेन मोजून बघू, पट्टी आम्ही आणली आहे.